रुमालाची घडी आणि टेनिसची राणी : सुझान लेंग्लेन



'सराव कर' हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा बोलतो, याचा हिशोबच नाही. पाढे पाठ होत नाहीत? सराव कर. अक्षर नीट येत नाही? सराव कर. भागाकार चुकतो? अजून दहा उदाहरणं सोडव. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आले. पण सराव कर म्हणजे नेमकं काय कर, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. तेच ते चुकीचं दहा वेळा गिरवलं तर अक्षर सुधारत नाही, चूक मात्र पक्की होते. हे मला डी.एड. करताना पुस्तकात वाचायला मिळालं होतं, पण खरं कळलं ते नोकरी लागल्यावर, तेही बऱ्याच उशिरा.

म्हणून आज मी तुम्हाला एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहे. शंभर वर्षांपूर्वी तिचं नाव युरोपभर घरोघरी माहीत होतं. फ्रान्समधली ही मुलगी अकराव्या वर्षी टेनिस खेळायला लागली आणि पंधराव्या वर्षी मोठमोठ्या खेळाडूंना हरवून विजेती झाली. तिचे फटके एका साध्या रुमालावर घडले. त्या रुमालातून आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे. तिच्या वडिलांकडून काय घेऊ नये, हेही शिकण्यासारखं आहे.

तिचं नाव सुझान लेंग्लेन.

अशक्त मुलगी आणि खेळण्यातली रॅकेट

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचं नाव शार्ल, आईचं अनाईस. घरची परिस्थिती बरी होती. घोड्यांच्या बसगाड्यांचा वडिलोपार्जित धंदा होता, तो शार्ल यांनी पुढे विकला. त्यामुळे त्यांच्या हाताशी पैसाही होता आणि वेळही होता.

मुलगी मात्र लहानपणापासून नाजूक प्रकृतीची. दमा होता. घरचे लोक वर्षातला काही काळ उत्तर फ्रान्समधल्या मारे-सूर-मात्स या गावी राहत आणि हिवाळ्यात दक्षिणेला, समुद्रकाठच्या नीस शहरात जात. तिथली हवा ऊबदार. राहायच्या जागेसमोरच टेनिसचा क्लब होता. श्रीमंत इंग्रज आणि युरोपियन लोक हिवाळा घालवायला तिथे येत आणि त्या काळातले उत्तम खेळाडू तिथे खेळत.

सुझानला मैदानी खेळांची आवड होती. पोहणं, सायकल चालवणं यात ती तरबेज होती. पण तिचा सगळ्यात लाडका खेळ होता दियाबोलो. आपल्या डमरूच्या आकाराची एक चकरी असते. दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर ती फिरवायची, उंच उडवायची आणि परत दोरीवरच झेलायची. नीसमध्ये समुद्रकाठच्या रस्त्यावर सुझान हा खेळ करून दाखवायची आणि येणारेजाणारे थांबून बघायचे. उडालेल्या वस्तूवर नजर, हाताचा अंदाज, पायांची चपळाई आणि लोकांसमोर न घाबरणं, या चार गोष्टी तिला टेनिसच्या आधीच मिळाल्या होत्या. मुलांचा खेळ म्हणून आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्यातून केवढी तयारी होत असते बघा.

१९१० च्या जून महिन्यात वडिलांनी तिला एका खेळण्यांच्या दुकानातून रॅकेट आणून दिली आणि घराच्या हिरवळीवर मैदान आखून दिलं. उद्देश एवढाच की पोरीची तब्येत सुधारावी. पण महिन्याभरातच तिचा हात बघून वडील चकित झाले आणि त्यांनी पॅरिसहून खरीखुरी रॅकेट मागवली. त्यानंतर तीनएक महिन्यांत तिने शांतिई इथल्या एका स्पर्धेत भाग घेतला आणि चार फेऱ्या जिंकून दुसरा क्रमांक मिळवला. वय वर्षं अकरा!

वडिलांनी आधी काय केलं? बघितलं!

शार्ल लेंग्लेन हे काही नावाजलेले टेनिसपटू नव्हते. शिकवायला घेण्याआधी त्यांनी एक काम केलं, ते म्हणजे निरीक्षण. नीसच्या क्लबात बसून ते चांगल्या खेळाडूंचा खेळ तासन्‌तास बघायचे. पाय कुठे ठेवतात, चेंडू कुठे लागतो, फटका मारून झाल्यावर खेळाडू परत कुठे येऊन उभा राहतो, हे सगळं.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या काळात बहुतेक स्त्रिया मैदानाच्या मागच्या रेषेवर उभ्या राहून आलेला चेंडू नुसता परत पाठवायच्या. प्रतिस्पर्धी कधी चुकते याची वाट बघायची, असा तो खेळ. पुरुष खेळाडू मात्र पुढे येत, जाळीजवळ चेंडू टप्पा पडायच्या आत मारत, कोपरे साधत. शार्ल यांनी ठरवलं की आपली मुलगी असं सगळं खेळणार. मग त्यांनी तिला चांगल्या पुरुष खेळाडूंसोबत सराव करायला लावला. मुलगी आहे म्हणून सोपं शिकवायचं, हा विचार त्यांनी केला नाही. १९१० सालच्या युरोपात ही लहान गोष्ट नव्हती.

ज्यांनी टेनिस फारसं बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेनिसचं मैदान २३.७७ मीटर लांब असतं आणि एकेरी खेळासाठी ८.२३ मीटर रुंद. मध्ये जाळी असते, तिची मधली उंची साधारण ९१ सेंटीमीटर. खेळात मूळ फटके चारच. रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारतात तो फोरहँड. हात शरीरासमोरून दुसऱ्या बाजूला नेऊन मारतात तो बॅकहँड. टप्पा पडण्याआधीच हवेत मारतात ती व्हॉली. आणि स्वतः चेंडू वर उडवून डाव सुरू करतात ती सर्व्हिस. बाकी सगळे प्रकार याच चौघांची पोरंबाळं.

रुमालाचा सराव

आता मुख्य गोष्ट. शार्ल यांच्या सरावाची जी आठवण आजही टेनिसच्या जगात सांगितली जाते, ती अशी. ते जाळीच्या पलीकडे मैदानावर एक रुमाल पसरून ठेवत आणि सुझानने मारलेला चेंडू त्या रुमालावर पडायला हवा. ते जमायला लागलं की रुमालाची एक घडी. मग अर्ध्या रुमालावर नेम. तेही जमलं की आणखी एक घडी. असं करत करत रुमालाच्या जागी एक नाणं येई. शिवाय रुमाल एकाच जागी नसे. कधी डाव्या कोपऱ्यात, कधी उजव्या, कधी जाळीजवळ.

वरवर बघता साधा खेळ वाटतो. पण शिक्षक म्हणून याच्याकडे बघा. यात काय काय आहे?

पहिली गोष्ट, ध्येय डोळ्यांना दिसतं. चांगलं मार, नीट मार, असं मोघम काही नाही. रुमाल तिथे आहे, चेंडू त्यावर पडला की नाही हे मुलीला स्वतःलाच कळतं. कोणी सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, अवघडपणा एका वेळी एकाच पायरीने वाढतो. पहिल्या दिवशी नाणं ठेवलं असतं तर मुलगी रडकुंडीला आली असती. कायम अख्खा रुमालच ठेवला असता तर ती कंटाळली असती. घडी कधी घालायची हे ओळखणं, यातच शिकवणाऱ्याचं खरं कौशल्य आहे.

तिसरी गोष्ट, चूक कुठे झाली ते चेंडूच सांगतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फोरहँड रुमालाच्या डावीकडे गेला, तर बहुधा रॅकेट लवकर फिरली. उजवीकडे गेला, तर उशीर झाला. जाळीत गेला, तर रॅकेटचं तोंड खाली झुकलं होतं किंवा झोका वर गेलाच नाही. फटका म्हणजे शेवटी काय, तर चेंडू रॅकेटला लागतो त्या क्षणी रॅकेटचं तोंड कुठे आहे, ती कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जाते आहे. तो क्षण डोळ्याला दिसत नाही इतका लहान असतो. म्हणून तो समजावून सांगता येत नाही, हाताला कळावा लागतो. आणि हाताला कळायला शेकडो वेळा तेच करावं लागतं, पण दर वेळी परिणाम बघत.

मोठी झाल्यावर सुझान ताकदीने मारणारी खेळाडू म्हणून ओळखली गेली नाही. ती प्रसिद्ध झाली ती अचूकपणासाठी आणि पायांसाठी. मैदानावर ती नाचल्यासारखी हालचाल करायची, उडी घेऊन चेंडू गाठायची. चेंडू हवा तिथे ठेवायची आणि समोरचीला पळवून पळवून दमवायची. ही सगळी रुमालाची कमाई.

पंधराव्या वर्षी विजेती, आणि मग युद्ध

१९१४ साली पॅरिसजवळच्या सँ-क्लू इथे मातीच्या मैदानावरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुझानने जिंकली. तेव्हा तिला नुकतं पंधरावं वर्ष पूर्ण झालं होतं. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र मार्गरीत ब्रोकेदी या खेळाडूने तिला हरवलं. हा पराभव लक्षात ठेवा. कारण पूर्ण खेळून संपलेला एकेरी सामना सुझान त्यानंतर आयुष्यात कधीही हरली नाही.

त्याच उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या. खेळाडूची उमेदीची चार वर्षं वाया जाणार असं कोणालाही वाटलं असतं. सुझान नीसमध्ये होती. सुट्टीवर आलेले सैनिक आणि इतर पुरुष खेळाडू यांच्यासोबत ती खेळत राहिली. रेडक्रॉसच्या मदतीसाठी होणाऱ्या सामन्यांत खेळली. समोर स्पर्धा नाही, बक्षीस नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. तरी सराव चालूच. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा आपल्यापैकी काही जणांनी ओट्यावर, देवळाच्या पारावर मुलांना शिकवणं चालू ठेवलं होतं, ते मला इथे आठवतं.

विम्बल्डन, १९१९

युद्ध संपलं आणि १९१९ च्या उन्हाळ्यात सुझान इंग्लंडला विम्बल्डन खेळायला गेली. तिथे मैदान गवताचं. गवतावर चेंडू खाली राहतो आणि सरकत येतो, मातीवरच्या खेळाडूला ते जड जातं. तरी ती अंतिम लढतीपर्यंत पोचली. समोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. सात वेळची विजेती, वय चाळीस. सुझान वीस वर्षांची. सामना बघायला राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आलेले.

कपड्यांवरूनही चर्चा झाली. त्या काळात स्त्रिया घोट्यापर्यंतचे घोळदार कपडे आणि पोटाला आवळून बांधणारी कंबरपट्टीची वस्त्रं घालून खेळत. सुझान आली ती आखूड बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा सैल पोशाख घालून. काही जणांनी नाकं मुरडली. पण धावायचं असेल, उडी मारायची असेल, तर अंग मोकळं हवं, हा तिचा सरळ हिशोब होता. साडीवर कबड्डीचा तास घेतलेल्या माझ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

पहिला सेट सुझानने १०–८ असा जिंकला. दुसरा ६–४ असा चेंबर्सबाईंनी. दमलेल्या सुझानला वडिलांनी प्रेक्षकांतून ब्रँडीची छोटी बाटली दिली, तीही गाजली! तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्सबाई ६–५ ने पुढे होत्या आणि जिंकायला फक्त एक गुण हवा होता. अशी संधी त्यांना दोनदा मिळाली. दोन्ही वेळा सुझान वाचली. त्यातल्या एका वेळी तर चेंडू तिच्या रॅकेटच्या लाकडी कडेला लागून कसाबसा जाळीपलीकडे पडला. नशीब म्हणा हवं तर. पण तिथवर चेंडू गाठायला पाय पोचावे लागतात, आणि ते नशिबाने पोचत नाहीत. शेवटी ९–७ असा सेट घेऊन सुझान जिंकली. एकूण ४४ गेम झाले. महिलांचा याहून लांब अंतिम सामना विम्बल्डनला पुढे १९७० सालापर्यंत झाला नाही.

तिथून तिची घोडदौड सुरू झाली. १९१९ ते १९२३ आणि १९२५, असं सहा वेळा ती विम्बल्डनची एकेरीतली विजेती झाली. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये तिने एकेरीचं सुवर्ण जिंकलं आणि पूर्ण स्पर्धेत फक्त चार गेम गमावले. मिश्र दुहेरीतही सुवर्ण. तिला बघायला एवढी गर्दी व्हायची की विम्बल्डनची जुनी जागा अपुरी पडू लागली. १९२२ साली स्पर्धा नव्या, मोठ्या मैदानावर गेली, त्यामागे सुझानला बघायला येणारी गर्दी हेही एक मोठं कारण मानलं जातं.

नाण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून वाटेल, वा, काय वडील आहेत! माझ्याही मनात हेच आलं होतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

शार्ल कडक होते. नुसते कडक नाही, कठोर होते. खेळ बिघडला की चारचौघांत मुलीला बोलायचे. आईही प्रेक्षकांत बसून टीका करायची. सरावाचं वेळापत्रक वडिलांचं, कुठे खेळायचं ते वडील ठरवणार, कसं खेळायचं तेही वडीलच. मुलगी मोठी झाली, जगप्रसिद्ध झाली, तरी सामन्यात तिची नजर वडिलांना शोधायची. प्रकृती मुळातच नाजूक, त्यात जिंकलंच पाहिजे हा ताण. वरचेवर आजारपणं. १९२४ साली काविळीमुळे तिला विम्बल्डन अर्ध्यावर सोडावं लागलं.

१९२१ साली ती अमेरिकेला गेली. वडील सोबत नव्हते. त्यात निघण्याआधीच ती आजारी. लांबचा बोटीचा प्रवास करून पोचली आणि विश्रांती मिळण्याआधीच तिला मोला मॅलरी या अमेरिकेच्या विजेतीशी खेळावं लागलं. पहिला सेट ६–२ असा गेला. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच ती खोकत, रडत मैदान सोडून गेली. अमेरिकन वर्तमानपत्रांनी तिला पळपुटी ठरवलं. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तिने त्याच मॅलरीला ६–२, ६–० असं अवघ्या २६ मिनिटांत हरवलं. लोकांना तो विजय आठवतो. मला मात्र आदल्या वर्षी परक्या देशात रडत बाहेर पडलेली बावीस वर्षांची मुलगी जास्त आठवते. तिला हजार वेळा रुमालावर नेम धरायला शिकवलं होतं. हरलं तरी चालतं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

इथे मला माझीच एक गोष्ट कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, पण सातच्या पाढ्यात अडखळायची. एकदा मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि पाढा पूर्ण होईपर्यंत बसू दिलं नाही. माझा हेतू चांगला होता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. तिने पाढा पाठ केला. पण त्यानंतर कितीतरी महिने तिने वर्गात स्वतःहून हात वर केला नाही. पाढा आला आणि हात गेला. हा सौदा महागात पडला. सुझानच्या वडिलांबद्दल वाचताना मला ती मुलगी आठवली, आणि त्यांच्यावर टीका करायला लेखणी उचललेली ती मी खाली ठेवली.

शेवटचा मोठा सामना आणि नवं वळण

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या कान शहरात सुझान आणि अमेरिकेची वीस वर्षांची हेलन विल्स यांचा सामना झाला. लोक झाडांवर आणि आजूबाजूच्या घरांच्या छपरांवर चढून बघत होते. दुसऱ्या सेटमध्ये ६–५ असताना एक चेंडू बाहेर गेला असं समजून सामना संपल्याचं सगळ्यांना वाटलं. दोघींनी हातही मिळवले. पण बाहेर हा आवाज पंचांचा नसून प्रेक्षकांतून आला होता! सामना पुन्हा सुरू झाला. जिंकलो असं वाटल्यावर पुन्हा उभं राहून खेळायचं, ही किती कठीण परीक्षा. विल्सने तो गेम घेतला. तरी सुझानने ६–३, ८–६ असा सामना जिंकला.

त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये वेळेबद्दल गैरसमज झाला. राणी मेरी बघायला आल्या असताना सुझान उशिरा पोचली. प्रेक्षक नाराज झाले, टीका झाली आणि तिने स्पर्धा सोडली. नंतर ती पैसे घेऊन खेळणारी व्यावसायिक खेळाडू झाली. तेव्हा मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना पैसे घ्यायला बंदी होती. तिकिटांचा पैसा क्लब कमावतात आणि खेळणाऱ्याच्या हाती काही नाही, हे तिने उघडपणे मांडलं. अमेरिकेच्या दौऱ्यात ती मेरी ब्राउन यांच्याविरुद्ध ३८ सामने खेळली आणि सगळे जिंकली.

१९२९ साली वडील वारले. पुढच्या वर्षांत सुझानने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली आणि लहान मुलांना शिकवलं. जगातली एवढी मोठी खेळाडू शेवटी तुमच्याआमच्यासारखी शिक्षिका झाली, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. पण आयुष्य थोडं होतं. ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, रक्ताच्या आजाराने ती गेली. आज पॅरिसच्या रोलाँ गारोसमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या मैदानाला तिचं नाव आहे आणि फ्रेंच स्पर्धेत महिला एकेरीच्या विजेतीला मिळणारा चषकही तिच्याच नावाचा आहे.

आपल्या शाळेच्या मैदानावर

आमच्या शाळेत टेनिसचं मैदान नाही. टेनिसचा चेंडू मात्र आहे, अर्थात क्रिकेटसाठी आणलेला! तेवढ्यावरही मूळ फटक्यांचा पाया घालता येतो. रॅकेट नसेल तर हलकी लाकडी फळी किंवा नुसता तळहातही चालतो. मी खेळाच्या तासाला पुढचे सराव घेते.

१. टप्पा आणि झेल : दोन मुलं समोरासमोर. एकाने चेंडू टप्पा पाडून टाकायचा, दुसऱ्याने शरीराच्या पुढे, कमरेच्या उंचीवर एका हाताने झेलायचा. चेंडू अंगाजवळ आला तर पाय हलवायचे, हात वाकडा करायचा नाही. फटक्याची वेळ इथेच कळते.

२. भिंतीशी गप्पा : भिंतीवर जमिनीपासून साधारण एक मीटरवर खडूने रेघ. ही आपली जाळी. पाचसहा पावलं लांब, भिंतीकडे खांदा करून उभं राहायचं आणि रेघेच्या वर मारायचं. सुरुवातीला दोन टप्पे पडले तरी चालतील. सलग किती जमले ते मुलाने स्वतः मोजायचे. जोर नको, हळू आणि सलग.

३. दुसरी बाजू : जेवढे फोरहँड तेवढेच बॅकहँड. मुलं आवडता फटका मारत बसतात आणि न आवडणारा टाळतात. आपणही अवघड धडा शेवटी ठेवतोच ना? बॅकहँडला खांदा आधी वळवायचा, मग हात.

४. छोटी व्हॉली : जवळून हाताने चेंडू टाकायचा. मुलाने झोका न घेता, रॅकेट पुढे धरून नुसता अडवल्यासारखा मारायचा. आधी हाताने पुढे झेलायला लावा, मग रॅकेट द्या.

५. सर्व्हिसची उडवणी : रॅकेट बाजूला ठेवायची. नुसता चेंडू वर उडवायचा आणि खाली पडू द्यायचा. पुढच्या पायाच्या किंचित पुढे ठेवलेल्या रुमालावर तो पडला पाहिजे. उडवणी सरळ झाली की निम्मी सर्व्हिस आली.

६. रुमाल : मोठा रुमाल किंवा पोतं पसरा. दहा चेंडू. सहा पडले की एक घडी. सलग दोन वेळा तीनपेक्षा कमी पडले तर घडी उलगडा. हे उलगडणं महत्त्वाचं आहे, ते करायला लाजू नका.

एका सरावाला सातआठ मिनिटं पुरेत. मुलं दमण्याआधी, आणि त्याहून आधी कंटाळण्याआधी, थांबायचं. आणि एक नियम मी स्वतःसाठी केला आहे. चेंडू रुमालाबाहेर पडला की मी बोलत नाही. तो बाहेर पडला हे मुलाला दिसलेलं असतं. मी फक्त पुढचा चेंडू टाकते. चार चेंडू एकाच बाजूला गेले, तरच जवळ जाऊन हळूच सांगते की पाय थोडा आधी ठेवून बघ.

हेच आपण पाढ्यांना, शुद्धलेखनाला, वाचनालाही लावू शकतो. पूर्ण पान शुद्ध लिहायचं हा पहिल्या दिवशीचा रुमाल फार छोटा आहे. आधी दोन ओळी. जमल्या की घडी. नाही जमल्या तर घडी उलगडायची, मुलाला वर्गासमोर उभं करायचं नाही.

शार्ल लेंग्लेन यांच्याकडून रुमाल जरूर घेऊ या. त्यांचा आवाज मात्र तिथेच ठेवू या. आपल्या वर्गातून सगळीच मुलं विजेती होणार नाहीत, पण त्यांचा वर गेलेला हात खाली येणार नाही एवढं आपण नक्की बघू शकतो.

उद्या शाळेत जाताना पिशवीत एक जादाचा रुमाल टाकायला विसरू नका!